ग्रँट मागताना बजेटच्या शीटमध्ये कोणाकोणाचं नाव असतं?

आजच्या भागात पाहुणा कोणी नाही, मी एकटाच बोलणार आहे. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हे लिहून काढलंय. बोलताना अर्धवट सोडलेली वाक्यं पूर्ण केली आहेत, बाकी फार हात लावलेला नाही.

विषय आहे माहितीपटासाठी ग्रँट मागण्याचा. गेल्या काही महिन्यांत बऱ्याच जणांनी विचारलं, म्हणून एकदाच सविस्तर सांगतो. माझी पार्श्वभूमी थोडक्यात: बीटेक, कॉम्प्युटर. दिवसा एका कंपनीत बॅकएंडचं काम करतो. फिल्म स्कूलला गेलेलो नाही. मी आणि माझा एक कॅमेरामन मित्र, असे आम्ही दोघं दोन वर्षांपासून नारायणगावच्या एका तमाशा फडावर माहितीपट करतोय. पुण्याहून नाशिक रस्त्याने जेमतेम पंच्याहत्तर-ऐंशी किलोमीटर, त्यामुळे शनिवार-रविवार जमतं. या काळात सात ठिकाणी अर्ज केले. पाच नकार, एक होकार, आणि एका ठिकाणचं उत्तर अजून यायचंय. म्हणजे मी काही यशस्वी माणूस म्हणून बोलत नाहीये. पण सात अर्ज लिहिल्यावर काही गोष्टी हाताला लागतात.

कुठे मागायचं, हे आधी उरकून टाकतो. एक काळ असा होता की भारतात माहितीपट म्हटला की फिल्म्स डिव्हिजन. १९४८ साली सुरू झालेली, मुंबईत पेडर रोडवरची सरकारी संस्था. थिएटरात सिनेमाच्या आधी जे दाखवायचे ते तिचं. २०२२ मध्ये ती एनएफडीसीमध्ये विलीन झाली. २००० साली पीएसबीटी, म्हणजे पब्लिक सर्व्हिस ब्रॉडकास्टिंग ट्रस्ट, सुरू झाला आणि दूरदर्शनच्या साथीने त्याने शेकडो माहितीपट घडवून आणले. आज त्या प्रमाणात ते काम होत नाही. मग उरतं काय? बंगळुरूची इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स आहे. कलांवरच्या संशोधनाला आणि प्रत्यक्ष कामाला ग्रँट देते, आणि अर्ज भारतीय भाषांमध्ये घेते, म्हणजे मराठीत लिहिलंत तरी चालतं. हे फार लोकांना माहीतच नसतं. परदेशात ॲमस्टरडॅमच्या इडफा महोत्सवाचा बर्था फंड आहे, अमेरिकेत सनडान्सचा डॉक्युमेंट्री फंड आहे. कोलकात्यात डॉकएज भरतं. तो फंड नव्हे, पण पैसे देणाऱ्या, दाखवणाऱ्या लोकांसमोर उभं राहून पिच करता येतं. मुंबईच्या मिफमध्ये २०२४ पासून डॉक फिल्म बाजार सुरू झालाय. रकमा, अटी, तारखा दर वर्षी बदलतात, त्यामुळे माझ्या तोंडून ऐकू नका, त्या-त्या संस्थेच्या पानावर जाऊन वाचा.

लोकवर्गणीचं काय, असं हमखास कोणीतरी विचारतं. आणि लगेच 'मंथन'चं उदाहरण येतं. श्याम बेनेगलांचा १९७६ चा सिनेमा, पटकथा आपल्या तेंडुलकरांची, आणि गुजरातच्या पाच लाख शेतकऱ्यांनी प्रत्येकी दोन रुपये दिलेले. गोष्ट सुंदरच आहे. पण त्या दोन रुपयांमागे दूध संघाचं अख्खं जाळं उभं होतं. आपल्यामागे कॉलेजचा व्हॉट्सॲप ग्रुप असतो.

आता अर्ज. बहुतेक ठिकाणी तीच कागदपत्रं लागतात: एका वाक्यातली लॉगलाइन, पानभर सारांश, ट्रीटमेंट, दिग्दर्शकाचं निवेदन, वेळापत्रक, बजेट, आतापर्यंत जमलेले पैसे आणि एक व्हिडिओ नमुना. यात नवख्यांचा गोंधळ होतो तो सारांश आणि ट्रीटमेंटमध्ये. दोन्हीकडे तीच गोष्ट लिहितात, दुसरीकडे जरा लांबवून. सारांश म्हणजे काय घडतं. ट्रीटमेंट म्हणजे ते घडताना प्रेक्षक कुठे बसलेला असेल.

आमचंच उदाहरण देतो. सारांशात आम्ही लिहिलं की फडाचा सीझन दसऱ्याला सुरू होतो, बुद्ध पौर्णिमेपर्यंत चालतो. गुढीपाडव्याच्या सुमाराला नारायणगावात फडमालकांच्या राहुट्या लागतात, आणि गावोगावच्या जत्रा कमिट्या तिथे येऊन सुपारी देतात. ही माहिती झाली, कुठल्याही पुस्तकात मिळेल. ट्रीटमेंटमध्ये लिहिलं: कॅमेरा राहुटीत फडमालकाच्या खांद्यामागे आहे. समोर कमिटीचे पाच जण. नाचणाऱ्या बाया किती आणणार, मागल्या वर्षीची गायिका आहे का, जनरेटर तुमचा की आमचा, वग कुठला. चहा येतो, रक्कम कागदावर लिहून फिरवली जाते, तोंडाने कोणी बोलत नाही. आणि पुढे असंही लिहिलं की पहिला अर्धा तास प्रेक्षकाला स्टेज समोरून दिसणारच नाही. जे दिसेल ते विंगेतून, ट्रकच्या मागून, मेकअपच्या पेटीजवळून. हे वाचल्यावर वाचणाऱ्याला सिनेमा दिसायला लागतो. एका परीक्षकाने नंतर फोनवर सांगितलं की त्यांना आमच्या अर्जातलं फक्त तेवढंच लक्षात राहिलं होतं.

(एक आगाऊ निरीक्षण: राहुटीतली ती बोलणी हेच खरं पिच आहे. फडमालक अण्णा वीस मिनिटांत लोकांची संख्या, खर्च, वेळापत्रक आणि 'आम्हीच का' हे सगळं सांगून मोकळे होतात. पीपीटी नाही.)

इंग्रजीची भीती बाळगू नका. मी आधी सगळं मराठीत लिहितो आणि मग इंग्रजीत नेतो, कारण थेट इंग्रजीत लिहायला बसलं की हात आपोआप त्याच ठरलेल्या वाक्यांकडे जातो. 'मरत चाललेली लोककला' हे त्यातलं पहिलं. कलेवरच्या दर दुसऱ्या अर्जात ते असतं. अण्णांना मी हे वाक्य वाचून दाखवलं होतं. ते म्हणाले, "मरतीय कुठं? डिझेल महागलंय." मी ते वाक्य काढलं आणि त्या जागी त्यांच्या ट्रकचा, जनरेटरचा आणि उचलीचा हिशोब टाकला. पावसाळ्यात काम बंद असताना कलाकार फडमालकाकडून उचल घेतात, फडमालक सावकाराकडून घेतो, आणि पुढचा सीझन ती फेडण्यात जातो. कला टिकते की नाही हा प्रश्न त्या हिशोबात येतोच, वेगळा हुंदका द्यावा लागत नाही.

हुंदक्यावरून आठवलं. कमिट्यांना दुःख आवडतं, असं तुम्हाला सगळे सांगतील, आणि ते पूर्ण खोटं नाही. विठाबाई नारायणगावकरांची गोष्ट महाराष्ट्रात सगळ्यांना ठाऊक आहे. प्रयोग चालू असताना बाळंत झाल्या आणि परत बोर्डावर आल्या, असं सांगतात. मला एका अनुभवी माणसाने सल्ला दिला होता की अर्जाची सुरुवात त्यानेच कर. मी केली नाही. आमचा सिनेमा विठाबाईंवर नाही आणि आमच्या फडातल्या बायकांना त्यांच्या सावलीत उभं करून पैसे मागणं मला पटलं नाही.

आता व्हिडिओ नमुना. पाच-दहा मिनिटं, पासवर्डची लिंक. इथे एक गोष्ट कोणी सांगत नाही. तो नमुना तुमच्या सिनेमाच्या आधी जगात जातो. तुम्ही कधी भेटणार नाही असे पंधरावीस लोक तो बघतात. आमच्या फडात एक ज्येष्ठ कलाकार आहेत, मी त्यांना मावशी म्हणतो. त्यांची मुलगी दुसऱ्या शहरात नर्सिंग शिकते, आणि आई काय करते हे तिच्या कॉलेजात कोणाला माहीत नाही. सुट्टीला ती आली होती तेव्हाचं एक दृश्य आमच्याकडे आहे: मावशी चाळ बांधतायत आणि मुलगी शेजारी बसून परीक्षेचं पाठ करतेय. दोन वर्षांत आम्ही याहून चांगलं काही शूट केलेलं नाही. मावशींनी तेव्हाच सांगितलं होतं, "शूट कर बाळा, पण तिचं तोंड बाहेर जायला नको. तिचं तिला ठरवू दे." त्यामुळे नमुन्यात ते दृश्य नाही. तोंड धूसर करूनही नाही, कारण आवाज ओळखू येतो. त्या दृश्याशिवायचा नमुना फिका आहे, मला दिसतं ते. दोन नकारांमध्ये 'भावनिक केंद्र स्पष्ट होत नाही' असा शेरा होता. असू दे.

बजेटवर मात्र मी जरा रेंगाळणार आहे.

बजेट लोक शेवटच्या रात्री भरतात. आमच्या क्षेत्रात एस्टिमेट देतात ना, तसं: मोठा आकडा घ्यायचा, खाली तुकडे पाडायचे. वाचणारे मुरलेले असतात, त्यांना लगेच कळतं. खालून वर जा. एक उदाहरण डेटाचं. १०० मेगाबिटवर शूट केलं तर एका तासाचे साधारण ४५ जीबी होतात. १२० तासांचं फुटेज म्हणजे ५.४ टीबी. तीन प्रती ठेवायच्या, त्यातली एक दुसऱ्या घरात, म्हणजे १६ टीबीच्या वर डिस्क लागणार. ही ओळ अशी गुणाकारासकट लिहिली की पुढच्या ओळींवरही वाचणाऱ्याचा विश्वास बसतो. मग आहे लिप्यंतर. एक तासाचं मराठी बोलणं टाइप करून वेळ टाकायला चार-पाच तास सहज जातात, आणि फडातली बोली कुठल्याही सॉफ्टवेअरला नीट कळत नाही, मी प्रयत्न करून पाहिलाय. माणूस लागतो, त्याला पैसे लागतात. इंग्रजी सबटायटल वेगळे.

आणि गाणी! तमाशात गण, गवळण, बतावणी होते आणि मग रंगबाजीत धडाधड सिनेमाची गाणी येतात. तुमच्या कॅमेऱ्यात ती रेकॉर्ड झाली की ती गाणी तुमच्या सिनेमात आली. महोत्सवात निभावेल कदाचित, पण चॅनेल किंवा ओटीटी विकत घ्यायला आलं की पहिला प्रश्न हक्कांचा. म्युझिक कंपनीचे दर ऐकून आम्ही बजेटमध्ये दोन पर्याय लिहिले: तीन गाण्यांचे हक्क घेऊन, आणि एकही गाणं न घेता. दुसऱ्या पर्यायात सिनेमा कसा बदलतो तेही लिहिलं.

वेळेबद्दल एवढंच की बारा महिन्यांचं वेळापत्रक लिहाल तर कोणी विश्वास ठेवणार नाही. आनंद पटवर्धनांच्या 'जय भीम कॉम्रेड'ला चौदा वर्षं लागली. तुम्ही चौदा लिहू नका, पण फडाचा एक सीझन हुकला तर पुढच्या दसऱ्यापर्यंत थांबावं लागतं हे लिहा, आणि दहा टक्के आकस्मिक खर्च धरा.

आता दोन ओळी अशा की ज्यांवर माझे सगळ्यांशी वाद झालेत.

पहिली, दिग्दर्शकाचं मानधन. मला जवळपास प्रत्येकाने सांगितलं, तुझी नोकरी आहे, तुझं मानधन शून्य लाव, बजेट आटोपशीर दिसेल. मी शून्य लावत नाही. मला त्या पैशांची गरज आहे म्हणून नव्हे. माझी नोकरी हा माझ्या सिनेमाला मिळणारा छुपा अनुदान-निधी आहे. तो लपवला तर या सिनेमाची खरी किंमत कागदावर येतच नाही. आणि मग पुढच्या वर्षी जुन्नरचीच एखादी मुलगी, जिला आयटीचं पॅकेज नाही, अर्ज करेल तेव्हा तिचं बजेट माझ्या शेजारी महाग दिसेल. असं करत करत माहितीपट हा पगारदार लोकांचा वीकेंडचा छंद होतो. तो बऱ्यापैकी झालाच आहे. म्हणून मी मानधन लिहितो, आणि 'स्वतःचं योगदान' या रकान्यात तेवढीच रक्कम दाखवतो. बेरीज तीच, पण काम दिसतं.

दुसरी ओळ मावशींची. संमतीपत्र घेऊन गेलो होतो तेव्हा त्यांनी ते बाजूला ठेवलं आणि विचारलं, "ह्या पिक्चरचं पैसं आलं तर कॅमेरावाल्याला भेटणार?" म्हटलं, हो. "तुला?" हो. "गाडीवाल्याला?" हो. "मग मला का नाय?"

याचं प्रचलित उत्तर मला माहीत होतं. माहितीपटात ज्यांना दाखवतो त्यांना पैसे देत नाहीत, कारण मग ते आपल्याला हवं ते बोलतात. पत्रकारितेतून आलेला नियम आहे आणि त्याला कारण आहे. पण त्या राहुटीत बसून, ज्यांचं सगळं आयुष्य सुपारीवर चाललंय अशा बाईला हे सांगताना माझ्या तोंडातून शब्द निघेना. त्या तर व्यावसायिक कलाकार आहेत. त्यांनी विचारला तो दराचा प्रश्न होता.

आम्ही महिनाभर यावर डोकं चालवलं. मुलाखतीचे पैसे नाहीत, हे कायम ठेवलं. पण तीन गोष्टी वेगळ्या काढल्या. पावसाळ्यात आम्ही शूट करायला गेलो की मावशींचा शेतमजुरीचा दिवस बुडतो. तो रोज भरून द्यायचा. सिनेमासाठी खास रेकॉर्ड केलेली गवळण हा त्यांचा प्रयोग आहे. त्याची सुपारी त्यांच्या नेहमीच्या दराने. त्यांच्याकडचे जुने फोटो आणि हँडबिलं वापरली तर कुठल्याही संग्रहालयाला देतो तसं शुल्क. शिवाय सिनेमा विकला गेला तर फडातल्या प्रमुख पाच जणांना ठरलेला हिस्सा. करार मराठीत, मोठ्याने वाचून दाखवलेला, आणि त्यात स्पष्ट लिहिलेलं की मावशी काय बोलल्या यावर एकही पैसा अवलंबून नाही. अण्णांना शिव्या घातल्या तरी रोज तोच.

हे सगळं आम्ही बजेटमध्ये 'सहभागी कलाकार' या मथळ्याखाली उघड लिहिलं. परदेशातल्या एका फंडाच्या व्हिडिओ कॉलवर त्यावर वीस मिनिटं गेली. प्रश्न योग्य होता: पैसे घेतल्यावर त्या तुमच्याविरुद्ध बोलतील का? मी म्हटलं, त्या आत्ताही बोलतात, आणि मी लपवून दिले असते तर तुम्हाला हा प्रश्न विचारताच आला नसता. पुढे एक सूचना आली की ही ओळ काढून 'प्रवास व इतर' मध्ये घाला, बरेच जण तसंच करतात. आम्ही नाही म्हटलं. तो फंड मिळाला नाही. त्याच ओळीमुळे मिळाला नाही असं मी म्हणणार नाही, नकाराच्या ईमेलमध्ये तसं काही नव्हतं, नेहमीची नम्र चार वाक्यं होती. ज्या भारतीय संस्थेने होकार दिला तिच्या पत्रात मात्र या ओळीचा वेगळा उल्लेख होता. रक्कम चार लाख. आमचं एकूण बजेट बावीस. मित्राचे आणि माझे मिळून तीन घातलेत. बाकी पंधरा अजून आकाशात आहेत.

परदेशी पैशाबद्दल एक सावधगिरी, कारण ग्रँट मिळाल्यावर हे कळणं फार महागात पडतं. परदेशी ग्रँट आली की एफसीआरए २०१० चा प्रश्न उभा राहतो. सांस्कृतिक, शैक्षणिक, सामाजिक कामासाठी परदेशी निधी घ्यायचा तर नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. पूर्वी लोक नोंदणी असलेल्या एखाद्या संस्थेमार्फत पैसे आणायचे. २०२० च्या दुरुस्तीने तो रस्ता बंद झाला: नोंदणीकृत संस्थेला निधी आधी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यात घ्यावा लागतो आणि पुढे दुसऱ्या कोणाला हस्तांतरित करता येत नाही. हक्कविक्री किंवा सहनिर्मितीचा व्यापारी करार ही वेगळी गोष्ट आहे, पण तो करार खरोखर तसा असावा लागतो, नुसतं नाव बदलून भागत नाही. अर्ज करण्याआधी, पुन्हा सांगतो, आधी, हे काम केलेल्या सीएकडे एक तास बसा. आमच्या सीएची फी बजेटमध्ये ओळ क्रमांक ३८ आहे.

नकारांचं म्हणाल तर प्रत्येक नकाराला उत्तर पाठवून शेरे मागा. पाचांपैकी तिघांनी दिले. आणि अर्ज व्हर्जन लावून ठेवा. आपल्यातले जे कोड लिहितात त्यांना हे सांगायला नको, पण बाकीचे 'फायनल', 'फायनल २', 'खरंच फायनल' करत बसतात.

सातव्या अर्जाचं उत्तर यायच्या आत गुढीपाडवा आहे, त्यामुळे राहुट्यांचं दुसरं शूट आम्ही आहे त्या पैशांत करतोय. ध्वनीमुद्रणाला या वेळी तिसरा माणूस घेतलाय. मावशींची मुलगीही तेव्हा सुट्टीवर असेल. ते दृश्य आधी तिला एकटीला दाखवायचं ठरलंय, लॅपटॉपवर, आम्ही कोणी खोलीत न थांबता.